अकरा नंबरचे तास

त्याचे खरे नाव हजेरीपटावर होते आणि ते तिथेच राहिले. कारखाना त्याला दशांश म्हणे, कारण कोणतीही गोष्ट तीन दशांश स्थळांपर्यंत सांगितल्याशिवाय तो सोडत नसे. कॅन्टीनमधला एक कप चहा कारखान्याला कितीला पडतो, हे त्याने एकदा काढून दाखवले होते. तेव्हापासून लोक तो चहा जरा जपून पिऊ लागले.

कारखाना वजनकाट्यांचा. स्वयंपाकघरातले काटे, टपालाचे काटे, पोती तोलायचे काटे, असे बेचाळीस प्रकार, आणि प्रत्येकाला एक नंबर. अकरा नंबरचा काटा तान्ह्या बाळांचा. वर बाळ ठेवायला खोलगट पारडे, खाली तबकडी. हे काटे दवाखान्यांत जात. ते बनवणाऱ्या टेबलावर चार माणसे होती, तीन बायका आणि त्यांचे प्रमुख, म्हणजे दशांशाचे सासरे. दशांश त्यांना नात्याने मामा म्हणे आणि बाकीचा कारखाना सवयीने. जावयाला हिशेब खात्यात चिकटवून दिले तेही मामांनीच. त्यासाठी त्यांनी मालकीणबाईंकडे आयुष्यात पहिल्यांदा शब्द टाकला होता.

दशांश येण्यापूर्वी एखादा काटा बनवायला काय खर्च येतो, हे कळायची एकच पद्धत होती. थोरले मालक, म्हणजे मालकीणबाईंचे यजमान, काटा हातात उचलत, छताकडे बघत आणि आकडा सांगत. पुढे ते गेले. छत राहिले, पण ते एकटे काही सांगेना. मग दशांशाने शास्त्र आणले.

पत्रा किती लागला, स्प्रिंग कितीची, रंग किती, हे काढणे सोपे होते. पण चौकीदार नेमका कोणत्या काट्यासाठी फाटकावर बसतो? जागेचे भाडे, विजेचे बिल, जिन्यातला दिवा, मालकीणबाईंच्या गाडीचा चालक आणि खुद्द दशांश, हा सगळा वरचा खर्च बेचाळिसांपैकी कोणाच्या डोक्यावर घालायचा? दशांशाने ठरवले की ज्या काट्यावर जितके तास काम होईल, तितका वरचा खर्च त्याच्या वाट्याला. तासाला मजुरीचे चाळीस आणि त्यामागून वरच्या खर्चाचे साठ. म्हणजे तास कधी एकटा येत नसे. आगाऊ पाहुण्यासारखा कुटुंबकबिला घेऊनच येई.

आता तास कळायचे कसे? त्यासाठी कार्डे छापली. प्रत्येकाने रोज आपल्या कार्डावर लिहायचे की कोणत्या नंबरच्या काट्यावर किती वेळ काम केले. आठ तासांची बेरीज आठच झाली पाहिजे. कार्डात मोकळी जागा दिसली की दशांश ते लाल खूण करून परत पाठवी.

पहिल्याच आठवड्यात कानसकाम करणारा कारागीर, ज्याला सगळे कानस्या म्हणत, परत आलेले कार्ड घेऊन वर आला. कारखान्यात उलट बोलायचे काम त्याच्याकडे होते आणि ते तो बिनपगारी करी.

"दशांशसाहेब, काल यंत्राचा पट्टा तुटला. पाऊण तास बसून होतो. ते काय लिहू?"

"ज्या काट्याचं काम चालू होतं त्याचा नंबर लिहा."

"काम चालू नव्हतं. म्हणून तर बसलो होतो."

"पण वेळ गेला ना? मग तो कुठल्यातरी काट्यावरच गेला असणार."

"कुठल्याच काट्यावर नाही गेला. खाली बाकावर गेला. त्याला एखादा नंबर द्या ना."

"रिकाम्या वेळेला नंबर नसतो," दशांश म्हणाला. हे वाक्य त्याला इतके आवडले की ते त्याने वहीत लिहून ठेवले.

कानस्या खाली गेला. पुढच्या आठवड्यापासून एकाही कार्डात मोकळी जागा उरली नाही. सगळ्या बेरजा आठ. दशांशाला वाटले, शिस्त लागली. अशा वेळी माणसाने खाली जाऊन शिस्तीचे तोंड एकदा बघावे. पण दशांशाची खुर्ची वर होती, आणि जिना अठ्ठावीस पायऱ्यांचा होता.

सहा महिन्यांनी तक्ते तयार झाले. एकेचाळीस काटे कमीअधिक नफ्यात होते. अकरा नंबर बुडाला होता. दवाखान्यांना तो पाचशे चाळीसला जाई आणि दशांशाच्या तक्त्याप्रमाणे बनायला पडे सहाशे बारा पॉइंट चार तीन सात. आठवड्याला शंभर काटे आणि त्यांच्यावर चारशे एकतीस तास.

दशांशाने तो आकडा तीनदा तपासला. तिन्ही वेळा बरोबर आला. चौथ्यांदा तपासताना मात्र त्याच्या मनात एक वेगळीच गोष्ट आली आणि ती त्याला चाटून नाही गेली, चांगली बसून राहिली. आपण सख्ख्या सासऱ्याचं टेबल बंद करा असं सांगणार. कोणाची भीड धरणार नाही. लोक म्हणतील, हिशेबनीस असावा तर असा.

बैठक मालकीणबाईंच्या खोलीत झाली. सगळ्या टेबलांचे प्रमुख बोलावले होते. मामा समोरच बसले होते, हात मांडीवर ठेवून, बाळाचा काटा जुळवताना बसत तसेच. दशांश उभा राहिला. बसून वाचले असते तरी चालले असते.

"अकरा नंबर," तो म्हणाला, "प्रत्येक नगामागे बहात्तर पॉइंट चार तीन सात इतका तोटा. नातं नात्याच्या जागी, आकडा आकड्याच्या जागी. माझी शिफारस अशी, की हा काटा बंद करावा."

रंगकाम बघणाऱ्या बाईंनी एकदा मामांकडे पाहिले आणि मग बराच वेळ टाचणीच्या डबीकडे.

"मामा, तुमचं काही म्हणणं?" मालकीणबाईंनी विचारले.

"आकडे आहेत ना," मामा म्हणाले. "मग आहेत."

ठरले. पंधरा दिवसांत उरलेला माल संपवायचा, मग टेबल आणि साचे भंगारात. तिघी बायका पॅकिंगकडे जातील. मामा एकसष्टचे, त्यांना कुठे पाठवणार? त्यांचे महिनाअखेर बघू. दशांश खाली बसला तेव्हा त्याचे कान गरम झाले होते, पण ती ऊब सुखाची होती.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले. मग हातातले भांडे विसळून पालथे घातले.

"बाबांना तिथेच सांगितलंत? सगळ्यांसमोर?"

"आकडे सगळ्यांसमोरच सांगायचे असतात."

"अहो, आदल्या दिवशी घरी येऊन एक शब्द नसता का सांगता आला?"

"तो पक्षपात झाला असता."

"बरं," बायको म्हणाली. "मग आज जेवायलाही पक्षपात नको. ताट तुमचं तुम्ही वाढून घ्या."

रविवारी मामा नेहमीप्रमाणे जेवायला आले. जेवून झाल्यावर त्यांनी जावयाला बाजूला घेतले आणि सांगितले की आपण मालकीणबाईंना पत्र दिले आहे. डोळ्यांना आता तबकडीवरची बारीक रेघ दिसत नाही, सबब महिनाअखेर निवृत्त करावे.

"डोळ्यांना काय झालं?" दशांशाने विचारले.

"काही नाही. पण असं लेखी असलं म्हणजे जावयाने सासऱ्याला काढलं असं कोणी म्हणणार नाही. तुम्हाला अजून वीस वर्षं तिथे काढायचीत, जावईबापू."

दशांशाला हायसे वाटले. पुढे हे हायसे वाटणे आठवून तो कितीदा तरी अंथरुणात कूस बदलणार होता. पण त्या रविवारी त्याला हायसेच वाटले, आणि त्याने वर मामांना डोळ्यांची काळजी घ्यायलाही सांगितले.

अकरा नंबरचे काम एका शनिवारी थांबले. शेवटचा काटा खोक्यात गेला, टेबल पुसले गेले, तिघी बायका पॅकिंगला गेल्या. पुढचा सबंध आठवडा त्या टेबलाला कोणाचा हात लागला नाही. मामा निवृत्तीआधीची रजा घेऊन घरी बसले. भंगारवाला पुढच्या मंगळवारी दहा वाजता येणार होता.

त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी सकाळी, गेल्या आठवड्याची कार्डे दशांशाच्या टेबलावर आली. त्याने नंबरवार तास मांडायला घेतले. दहा नंबर, बावन्न तास. अकरा नंबर, दोनशे सव्वीस तास. बारा नंबर, सदतीस...

त्याची पेन्सिल थांबली.

त्याने कार्डे पुन्हा घेतली. दोनशे सव्वीस. अकरा नंबर बंद होता, टेबलावर धूळ होती, एकही काटा बनला नव्हता, आणि तरी त्याच्यावर दोनशे सव्वीस तास काम झाले होते. पहिला विचार त्याच्या मनात आला तो चोरीचा, कारण तो विचार त्याला सोयीचा होता. तो कार्डांचा गठ्ठा घेऊन अठ्ठावीस पायऱ्या उतरला.

कानस्या यंत्राला तेल घालत होता. दशांशाने त्याच्यासमोर कार्ड धरले.

"हे तुमचंच ना? बुधवार. अकरा नंबर, दीड तास."

"माझंच."

"अकरा नंबर बंद आहे."

"हो. वाईट झालं. चांगला काटा होता."

"मग दीड तास तुम्ही अकरावर काय केलंत?"

"काही नाही केलं. बुधवारी पत्रा आला नव्हता. बसून होतो."

"मग अकरा का लिहिलंत?"

कानस्याने तेलाने काळे झालेले दोन्ही हात वर करून दाखवले. "साहेब, माझा चालू काटा अडतीस नंबरचा. या हातांनी अडतीस लिहून बघा. तीन आणि आठ. कार्ड असं बरबटतं की तुम्ही परत पाठवता. अकरा म्हणजे इंग्रजीत दोन उभ्या रेघा. बोटानेही ओढता येतात."

दशांशाने शेजारच्याकडे पाहिले. रंगारी म्हणाला, आम्ही ब्रश धुतो तो वेळ अकरात टाकतो. पॅकिंगच्या बाई म्हणाल्या, खोकी येईपर्यंतचा वेळ अकरात. झाडूवाल्या काकांना कार्ड नव्हतेच. पण तेही म्हणाले, की असते तर अकराच लिहिले असते. साठ माणसांचा उगाच गेलेला सगळा वेळ, तुटलेले पट्टे, न आलेला पत्रा, हरवलेला पाना, रोज दोन दोन रेघांनी बाळांच्या काट्यावर चढत होता. आणि प्रत्येक रेघेमागून भाडे, वीज, चौकीदार आणि दशांश.

"पण मला सांगायचं नाही का कोणी?"

"मी आलो होतो की वर," कानस्या म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर दशांशाला जरा आधार वाटला असता. "तुम्ही म्हणालात, नंबर नसतो."

दशांश रिकाम्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. चार माणसे, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, एकूण एकशे ब्याण्णव. त्यात रंगाचे तेरा धरा. दोनशे पाच. हे गणित दुसरीतल्या मुलाने केले असते. त्याच्या तक्त्यात सहा महिने चारशे एकतीस होते आणि त्याने ते तीनदा तपासले होते, म्हणजे बेरीज तपासली होती. चार माणसे चारशे एकतीस तास कशी काम करतील, हे विचारायला त्या आकड्यात जागा नव्हती. ती जागा दशांश स्थळांनी भरली होती.

दुपारी तो मामांच्या घरी गेला. मामा अंगणात अवजारांची पेटी उघडून पाने पुसत होते. कारखान्याचे कोणते आणि आपले कोणते, असे दोन ढीग त्यांनी केले होते. आपला ढीग लहान होता. दशांशाने उभ्याउभ्याच सगळे सांगितले. मामांना आश्चर्य वाटले नाही.

"पोरं अकरा लिहितात ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"ठाऊक होतं? मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"अहो, काटा म्हटला की थोडा पासंग असतोच. एक पारडं किंचित जड असतं. आपण तेवढं वजन दुसरीकडे लावून मग मापतो. मला वाटलं, हिशेबातही तसंच असेल. तुम्ही शिकलेले. पोरांचे उगाचचे तास तुम्ही आधी काढूनच टाकत असाल. आणि काढूनसुद्धा तोटा उरतो म्हणताय, तर उरत असेल."

मामांनी शिव्या दिल्या असत्या तर दशांशाने त्या मुकाट्याने ऐकल्या असत्या. या बोलण्यावर मात्र कुठे बघावे ते त्याला कळेना. त्याने पान्यांकडे पाहिले. पाने स्वच्छ होते.

"मी उद्या मालकीणबाईंना सांगतो," तो म्हणाला.

"कशाला? माझं पत्र गेलंय. तिघींची सोय झालीय. तुम्ही चुकलात हे कळलं तर तुमच्या तक्त्यांवर कोण विश्वास ठेवील? माझी मुलगी तुमच्या घरात आहे. गप्प बसा."

"तुमचं टेबल भंगारात जाईल."

"टेबलच आहे ते," मामा म्हणाले आणि एक पाना उचलून पुन्हा पुसू लागले. तो त्यांनी आधीच पुसला होता.

दशांशाला घरी जाताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा टोचत राहिली. मामांनी गप्प बसा म्हटले, तेव्हा क्षणभर, फक्त क्षणभर, त्याला बरे वाटले होते.

मंगळवारी तो साडेआठलाच कारखान्यात गेला आणि टिपण लिहायला बसला. पहिला मसुदा पाऊण पान झाला. त्यात चूक होती, पण ती कोणी केली हे कळायला वकील लावावा लागला असता. तेच घेऊन साडेनऊला तो मालकीणबाईंच्या खोलीत गेला. खिडकीतून दिसत होते, भंगारवाला अर्धा तास आधीच आला होता. त्याने स्वतःचा काटा आणला होता, दुसऱ्या कंपनीचा.

मालकीणबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचले. "'अकरा नंबरच्या खाती काही तास अनवधानाने वर्ग होत असल्याचे निदर्शनास आले असून...' कोणाच्या निदर्शनास?"

"माझ्या."

"आणि अनवधान कोणाचं?"

"ते... पद्धतीत एक..."

"मराठीत सांगा."

त्याने सांगितले. दोन रेघा, काळे हात, दोनशे सव्वीस तास. मालकीणबाईंच्या कपाळावर आठी चढली.

"म्हणजे पोरांनी सहा महिने खोटी कार्डं भरली. सगळ्यांचा एकेक दिवसाचा पगार कापा. काय?"

हा दरवाजा होता. उघडा होता, आणि पलीकडे सावली होती. नुसते 'हो' म्हणायचे. साठ माणसे एक दिवसाचा पगार देऊन त्याची अब्रू राखणार होती, आणि त्यांना कारणही कळले नसते.

"नको," तो म्हणाला. "त्यांनी मला विचारलं होतं, रिकामा वेळ कुठे लिहायचा. मी त्यांना हाकलून दिलं. मोकळं कार्ड मीच परत पाठवत होतो. ही चूक माझी आहे. एकट्याची."

"बरं. मग अकरा नंबर खरा कितीला पडतो?"

"रिकाम्या वेळेचा खर्च सगळ्या काट्यांवर वाटला, तर चारशे चारच्या आसपास. पाचशे चाळीसला विकतो."

"आसपास?"

"आसपासच सांगू शकतो."

मालकीणबाईंनी चष्मा काढला. आजवर त्यांनी हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"मामांना सांगितलंत?"

"त्यांना... हो. काल."

"काय म्हणाले? आता डोळे गेल्यावर काय उपयोग म्हणाले असतील."

दशांशाने नुसती मान हलवायची होती. इथे थांबला असता तर पुढचे सगळे टळले असते. पण एकदा कबुली द्यायला लागलेल्या माणसाचे उतारावरच्या हातगाडीसारखे होते; मध्ये कोण उभे आहे, हे तो बघत नाही.

"डोळे ठीक आहेत त्यांचे," तो म्हणाला. "माझ्यावर बोल येऊ नये म्हणून त्यांनी तसं लिहून दिलं."

मालकीणबाई उठल्या. भंगारवाल्याला येण्याजाण्याचे भाडे देऊन परत पाठवले गेले. मामांना घरून बोलावून आणले. ते आले तेव्हा सगळा कारखाना काम करत असल्याचे दाखवत होता, म्हणजे कान देऊन उभा होता. त्या वेळेलाही कार्डावर काहीतरी नंबर पडला असणारच.

भिंतीला पोत्यांचा मोठा काटा टांगलेला होता. मालकीणबाईंनी त्याच्याकडे बोट केले. "मामा, तबकडीत किती दिसतंय?"

मामांनी डोळे बारीक केले. "नीट नाही दिसत, बाई. म्हणून तर पत्र दिलं."

"जावई म्हणतात, दिसतं."

मामांनी जावयाकडे पाहिले. ते रागाने पाहणे नव्हते. बसमध्ये आपला खिसा कापणारा हात ओळखीचा निघावा, तसे पाहणे होते. मग त्यांनी मान वळवली.

"चार किलो दोनशे," ते म्हणाले. "आणि ते खोटं आहे. रिकामा आकडा लटकतोय, तर शून्य दाखवायला पाहिजे. स्प्रिंग बसलीय त्याची."

मागे कोणीतरी हसले. मग आणखी दोघे. वाईट हेतूने नाही. पण हसू ते हसूच. मामांचे कान लाल झाले. ते आपल्या टेबलाशी गेले, बाहीने त्यावरची धूळ पुसली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसले.

टेबल वाचले. दुसऱ्या दिवशी दशांशाने सूचनाफलकावर स्वतःच्या सहीने लिहून लावले, की अकरा नंबरचा तोटा हा काट्याचा नसून हिशेबनिसाचा होता. लोकांनी ते वाचले आणि त्याच्याशी फार सौजन्याने वागू लागले. कानस्यासुद्धा त्याला दोन दिवस साहेब म्हणाला, दशांश वगळून. त्यात किती त्रास असतो, ते ज्याला कधी सौजन्य मिळाले आहे त्यालाच कळेल.

रिकाम्या वेळेला नंबर मिळाला. कार्डावर एक वेगळी चौकट छापली, तिच्यात नुसता ठिपका द्यायचा. पहिल्या आठवड्यात त्या चौकटीत पाचशे चाळीस तास आले, कारण आता लोक मोकळेपणाने खरे बोलू लागले होते. मालकीणबाईंनी तक्ता बघून विचारले, "हा इतका खपाचा काटा कोणता?" दशांशाने सांगितले. मग त्या पट्टे आणि पत्रा पुरवणाऱ्यांच्या मागे लागल्या, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

मामा कामावर येत, बाळांचे काटे जुळवत आणि जावयाशी बोलत नसत. 'जी', 'हो', 'बघतो' एवढेच. रविवारी जेवायला येईनात. पहिल्या रविवारी त्यांना बरे नव्हते, दुसऱ्या रविवारी काम होते, तिसऱ्या रविवारी कारण देणेही त्यांनी सोडून दिले.

"बाबांना तुम्ही टेबल परत मिळवून दिलंत," बायको म्हणाली. "त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणत नाही. पण साठ माणसांसमोर खोटं पाडलंत त्यांना. आयुष्यात एकदा खोटं बोलले, तेही तुमच्यासाठी. आणि तुम्ही दोन्ही वेळा त्यांना सगळ्यांसमोरच गाठलंत."

"मग काय करू?"

"मला विचारू नका. जा तिकडे. आणि आकडे नेऊ नका बरोबर."

तो गेला. मामा अंगणात पायरीवर बसून शेजारणीच्या शिंपीकामाच्या कात्रीला धार लावत होते. समोर खुर्ची होती. जावई आला की मामा उठून ती पुसून पुढे सरकवत. आज ते उठले नाहीत. दशांश उभा राहिला.

"मामा, मी माफी मागायला आलोय."

"ती फळ्यावर लावलीत ना. वाचली मी." मामांनी कात्रीचे पाते उजेडात धरले. "मी वाचू शकतो हे आता सगळ्यांना माहीत आहे."

"ती अकरा नंबरची होती. ही तुमची."

मामा धार लावत राहिले. दगडावर पाते पुढे जाई, मागे येई. मग ते म्हणाले, "एक विचारू? खरं सांगा."

"विचारा."

"त्या दिवशी बैठकीत तुम्ही उभे राहून माझा आकडा वाचत होतात. मी समोर बसलो होतो. चूक सोडा, चूक कोणाचीही होते. वाचताना तुम्हाला बरं वाटत होतं का?"

दशांशाजवळ उत्तरे होती. कर्तव्य होते. निःपक्षपातीपणा होता. त्या वेळी आकडे खरे वाटत होते, हे तर खरेच होते. एकेक उत्तर त्याच्या तोंडाशी आले आणि प्रत्येक उत्तर आपले आपणच परत गेले.

"हो," तो म्हणाला. "खूप बरं वाटत होतं."

मामांचा हात थांबला. त्यांनी मान हलवली, जणू अवघड जुळवणीत शेवटी एक स्क्रू आपल्या जागी बसला होता, आणि तो बसला याचा त्यांना फारसा आनंद नव्हता. दशांशाचे तोंड तापले होते. त्याला निघून जावेसे वाटले. तो गेला नाही.

"पुढच्या वेळी आधी खाली येऊन विचारा," मामा म्हणाले. "कोणाच्याही टेबलाबद्दल असो."

"येईन."

मामांनी त्याच्याकडे न बघता पायरीवर थोडे सरकून जागा केली. खुर्ची तशीच राहिली. दशांश पायरीवर बसला. मामांनी कात्रीची एक मूठ त्याच्या हातात दिली. "घट्ट धरा. हलू देऊ नका," ते म्हणाले, आणि दुसरे पाते दगडावर घेतले.